एकदाच विचारणाऱ्या मावशी

मावशी कुणालाही काहीही एकदाच विचारत. "अजून भात हवा?" तुम्ही "नको" म्हणालात की पातेल्यावर झाकण पडलंच. त्यात राग नसे की तुटकपणा नसे. तुम्ही नको म्हणालात, त्यांनी ऐकलं, विषय संपला.

आमच्या कऱ्हाडला पहिलं "नको" हे उत्तर धरतच नाहीत. ती नुसती सुरुवात असते. दुसऱ्या "नको"ला पाहुणा थोडा हसतो, तिसऱ्याला ताटावर आडवा हात धरतो, पण बोटं फाकलेली ठेवतो, म्हणजे वाढणाऱ्याला वाट राहते. बारा वर्षांपूर्वी मी कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नवा आलो होतो, एकटा होतो आणि महिनाभर सँडविचवर काढला होता. तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीने मावशींकडे जेवायला गेलो. त्यांनी वडाभात केला होता. वरून हिंग-मिरचीची फोडणी घातलेलं तेल. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच काही मिरचीमुळे नव्हतं. "अजून वाढू?" मावशींनी विचारलं. "नको नको, खूप झालं," मी रीतीप्रमाणे म्हटलं आणि बोटं फाकवून बसलो. मावशी पातेलं उचलून आत घेऊन गेल्या. त्या रात्री घरी जाऊन मी दूध आणि कॉर्नफ्लेक्स खाल्ले.

मंडळातली तरुण पोरं त्यांना 'एकदाच-मावशी' म्हणत. मावशी मूळच्या नागपूरच्या. पाहुण्याच्या पोटाची काही पर्वाच न करता वाढणारं ते गाव, तिथल्या बाईने असं करावं याचं सगळ्यांना फार नवल वाटे. मी एकदा धीर करून कारण विचारलं. तेव्हा कळलं, की मावशी तीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला राहून, भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. एकदा ऑपरेशनला आपल्याकडचेच एक आजोबा आले. भूल देण्यापूर्वी पोट रिकामं लागतं, म्हणून मावशींनी मराठीत विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं?" आजोबा म्हणाले, "छे छे, काही नाही." खाल्लं होतं. चहा आणि चार बिस्किटं. मुलाने रजा टाकली होती, डॉक्टरीणबाई एवढ्या सकाळी आल्या होत्या, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून भिडेखातर खोटं बोलले. ते अन्न फुप्फुसात गेलं. आजोबा वाचले, पण तीन आठवडे मशीनवर होते.

"तेव्हापासून मी एकदाच विचारते," मावशी म्हणाल्या. "लोकांना कळू दे ना, की ह्या बाईसमोर पहिलंच उत्तर खरं द्यावं लागते."

बर्फाचा नाद त्यांना सेहेचाळिसाव्या वर्षी लागला. हॉस्पिटलातल्या एका नर्सने एका रविवारी स्की करायला नेलं, आणि त्या दिवशी मावशी म्हणे सतरा वेळा पडल्या आणि सतरा वेळा हसल्या. काका गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर त्या लेकीजवळ राहायला म्हणून कॅलिफोर्नियात आल्या, पण घर घेतलं ते वेगळं, आणि त्याच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसे. भिंतीवर स्कीच्या तीन जोड्या, दोरांची वेटोळी, बर्फाच्या कुऱ्हाडी, आणि मधल्या खिळ्याला कुरडयांचा सोऱ्या. त्यांना लिफ्टने वर जाऊन घसरत खाली येण्यात रस नव्हता. आपल्या पायांनी चढायचं, डोंगर ओलांडायचा, पलीकडे उतरायचं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. त्या पुढे सरकू देतात आणि मागे घसरू देत नाहीत. रात्री त्या ओल्या पट्ट्या मावशी पोटाशी, स्वेटरच्या आत घेऊन झोपत, सकाळपर्यंत वाळलेल्या असत.

बर्फाची त्यांची भाषा सगळी स्वयंपाकघरातली होती. वसंतातला बर्फ रात्रभर गोठतो आणि दिवसभर उकलतो. पहाटे तो मावशींच्या मते पाक असे, पुढे गेलेला, कडक, स्की टिकू न देणारा. ऊन आलं की वरचा पापुद्रा सुटून त्याचा रवा होई. तो रव्याचा तासभर म्हणजे स्वर्ग, त्यासाठी माणसाने डोंगर चढायचा. दुपारी त्याचा शिरा व्हायला लागला की मावशी जिथे असतील तिथून बाहेर पडत, कारण शिरा झालेला उतार कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. त्या वाकून चिमूटभर बर्फ उचलत, दोन बोटांत चोळत आणि सांगत, "वीस मिनिटं थांब. कच्चा आहे."

मला त्यांनी दोन हिवाळे शिकवलं. मी ऑफिसातल्या लोकांबरोबर थोडंफार स्की करायला शिकलो होतो आणि स्वतःला बरा समजत होतो. मावशींनी तो समज पहिल्याच दिवशी उतरवला. हिमनदीवर तिघांनी एका दोरात कसं चालायचं, कुणी भेगेत पडला तर बाकीच्यांनी अंग कसं झोकून द्यायचं, पडलेल्याला कप्प्या लावून कसं वर ओढायचं, हे सगळं आम्ही सांता क्लारातल्या एका बागेत केलं. उतारावरच्या झाडाला दोर बांधून सदुसष्ट वर्षांची बाई मला ओढते आहे आणि मी गवतावरून फरफटतो आहे, हे पाहून फिरायला आलेल्या एका काकूंनी माझी बायको मेघना हिला फोन केला, "समीरचं काही बिनसलंय का गं?"

मावशींचा जीव अडकला होता तो शास्तामध्ये. उत्तर कॅलिफोर्नियात हा एकटाच उभा असलेला डोंगर आहे. सपाटीवरून गाडी चालवताना तो अचानक समोर येतो आणि पुढचे दोन तास समोरून हलत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ढग समजलो होतो. मावशींना त्याच्या शिखरावर जायचं नव्हतं, तिथे त्या जाऊन आल्या होत्या. त्यांना त्याच्याभोवती, कमरेच्या उंचीवरून, हिमनद्या ओलांडत स्कीवर पूर्ण फेरा घालायचा होता. तीन दिवस, दोन मुक्काम. दोनदा निघाल्या होत्या आणि दोनदा वादळाने परतवलं होतं. "देवळात गेलो तर प्रदक्षिणा केल्याशिवाय कोणी येते का?" त्या म्हणत. तिसऱ्यांदा निघताना त्यांनी मला विचारलं, एकदाच, "येतोस?" मी एव्हाना शहाणा झालो होतो. लगेच हो म्हटलं.

तिसरा गडी हँक. हा त्यांचा दोरावरचा जुना सोबती, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. त्यातली तीन त्याने मला निघायच्या आदल्या दिवशी, सामान भरताना हळूच ऐकवली. मावशींना कंपवाताचं निदान झालं आहे. हात आत्ताच थरथरतात. पुढच्या वर्षी त्यांना दोर धरता येणार नाही.

मी पाहिलं. मावशी सातूच्या पिठाच्या पुड्या बांधत होत्या, आणि दोऱ्याची गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दक्षिणेच्या पार्किंगमधून निघालो. पहिला दिवस पश्चिमेच्या अंगाने. त्या दिवसाबद्दल काय लिहू? झाडं संपली आणि नुसता पांढरा उतार उरला, एवढा मोठा, की तासभर चाललो तरी समोरचा खडक तेवढ्याच अंतरावर. आपल्या श्वासाशिवाय आवाज नाही. मी जन्मभर डोंगर पाहत आलो, सह्याद्रीच्या कुशीतला माणूस मी, पण डोंगरापुढे इतकं लहान होऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मावशी पुढे होत्या. त्या चालत नव्हत्या, सरकत होत्या, एक पाऊल मोठं नाही की लहान नाही. घरी कपबशी आदळणारे ते हात काठीवर अगदी शांत होते. दुपारी त्या थांबल्या, डोंगराकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "बाप्पा! काय आहे हे!" वीस वर्षं त्या हेच पाहत होत्या.

संध्याकाळी माझ्या डाव्या टाचेला आग होऊ लागली. बूट नवे होते. पायमोजा काढला तर टाच लाल झालेली, रुपयाएवढा फोड धरायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातूच्या पिठात गूळ कालवताना मावशींनी विचारलं, "पाय कसे आहेत रे?"

आता मी काय विचार केला ते खरं सांगतो. मला वाटलं, ही ह्यांची शेवटची संधी. दोनदा वादळाने हुकली. आता माझ्या टाचेपायी तासभर खोटी व्हायला नको. एवढ्याशा फोडाचं काय कौतुक सांगायचं? आणि आतून, अगदी तळातून, असंही वाटत होतं, की फारच दिसलं तर त्या परत विचारतीलच.

"मस्त आहेत," मी म्हटलं.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. दहा मिनिटांचं काम होतं. चिकटपट्टी त्यांच्या वरच्या खिशातच होती.

त्या दिवशी उत्तरेच्या हिमनद्या होत्या. इथे दोर बांधला. हँक पुढे, मधे मी, मागे मावशी. हिमनदी म्हणजे काय, ते पुस्तकात वाचून कळत नाही. लांबून ती गोठलेली, गप्प दिसते. जवळ गेलं की आतून कुरकुरते. भेगांच्या कडा वर पांढऱ्या, आत निळ्या, आणि त्याखाली ज्याला रंगच नाही असं काहीतरी. एका भेगेच्या काठाने जाताना मी आत पाहिलं आणि माझ्या तोंडून नकळत आईचं नाव निघालं. मागून मावशी म्हणाल्या, "बघून घे. पण उभा राहू नको."

ऊन अजून त्या बाजूला पोचलं नव्हतं. उतार पाकाचा होता, काचेसारखा कडक. अशा ठिकाणी स्कीची धार बर्फात रुतवायची, तर टाचेवर वजन द्यावं लागतं. माझी टाच एव्हाना सोलली गेली होती. डावा पाय टेकवला की डोळ्यांपुढे चमकत होतं, म्हणून मी तो चोरत होतो. एका क्षणी धार सुटली.

मी पडलो, आणि पडलो म्हणेपर्यंत सुटलोच. किती वेगाने, ते सांगता येणार नाही. खाली एक भेग दिसत होती, लांब आणि निळी, आणि ती वर येत होती. मग कमरेला असा हिसका बसला की श्वास थांबला. मी थांबलो होतो. पाय भेगेपासून दोन माणसं झोपतील एवढ्या अंतरावर.

वर पाहिलं. हँक पुढे आडवा पडून होता, पण त्याच्या बाजूचा दोर सैल होता. ताण होता तो मागचा. मावशी बर्फावर पालथ्या पडल्या होत्या, कुऱ्हाड छातीखाली गाडलेली, दोन्ही हातांनी धरलेली, तोंड बर्फात. मी सत्त्याहत्तर किलो, मावशी बावन्न. मी ओरडलो, "मावशी!" तोंड न उचलता त्या म्हणाल्या, "धरलंय. सावकाश ऊठ."

ते हात हलत नव्हते. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली असतील, पण त्या क्षणी त्या एवढ्याशा बाईकडे पाहून मला जे वाटलं ते मला डोंगराबद्दलही वाटलं नव्हतं.

एका खडकाच्या आडोशाला पोचल्यावर त्यांनी माझा बूट काढायला लावला. पायमोजा रक्ताने टाचेला चिकटला होता. आता त्यांचे हात थरथरत होते, इतके, की चिकटपट्टी हँकने फाडून दिली. मावशींनी जखम धुतली, पाहिली, बांधली. मग डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगाकडे पाहिलं. उरलेला तुकडा तोच होता. फेऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. आभाळ निवळ निळं, वारा नाही, असा दिवस मागितला तरी मिळत नाही.

"इथून खाली उतरू," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी जमवतो. खरंच. तुम्ही दोघं तरी पुढे जा, मी—"

"एक माणूस हिमनदीवर एकटा सोडत नाही," त्या म्हणाल्या. बस्स. एकदाच.

मग आम्ही ईशान्येकडून खाली उतरलो. जंगलातला रस्ता अजून बर्फाखाली होता, मैलोगणती चालत बाहेर पडावं लागलं, आणि प्रत्येक पावलाला माझी टाच मला शिव्या देत होती. मावशींनी एकही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. हँक कुणाच्या तरी गाडीतून दक्षिणेला जाऊन आमची गाडी घेऊन आला. शेवटी गाडीत, मी मागच्या सीटवर तोंड लपवून बसलो असताना, त्या पुढूनच बोलल्या.

"माझंही चुकलंच, समीर. तुला घरी कधी कोणी पहिल्या उत्तरावर सोडलं नसेल. मला हे माहीत पाहिजे होतं."

मला रडू आलं. हँकने गाडीचा रेडिओ मोठा केला. त्याला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळलं असावं.

त्या वर्षात मावशींचे हात झपाट्याने गेले. आधी गाडी चालवणं थांबलं, मग पोळ्या लाटणं. गॅरेजचं दार बंदच असे. पुढचा मे उजाडला तेव्हा मी आणि हँक एकमेकांशी न ठरवता एकच विचार करत होतो. मी फोन केला. "मावशी, उरलेला तुकडा मी आणि हँक पुरा करतो. तुम्ही मेघनाबरोबर दक्षिणेच्या पार्किंगला या. शेवट सपाट आहे, तेवढा आपण बरोबर करू. येता?"

"नको रे," मावशी म्हणाल्या. "तुम्हा लोकांना उगाच त्रास. मेघनाला सुट्टी घ्यावी लागंल. तुम्ही जाऊन या."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांनीच शिकवलेली रीत होती ती. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आलो आणि मेघनाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून ती म्हणाली, "अरे, हे तर त्या बिस्किटवाल्या आजोबांसारखं झालं."

मी गाडी काढली. मावशींनी दार उघडलं, मला पाहून भुवया वर केल्या. मी म्हटलं, "दुसऱ्यांदा विचारायला आलोय. येता?"

त्यांनी दाराला हात टेकला. दार त्यांच्या हाताखाली खडखडत होतं. "काऊन रे, माझाच नियम मोडून राहिला?" त्या म्हणाल्या. मग पदराने, म्हणजे स्वेटरच्या बाहीने, डोळे पुसले. "येते. माझी स्की पुसून घे, धूळ बसली असंल."

मागच्या वेळी जिथून खाली उतरलो होतो तिथूनच मी आणि हँकने सुरुवात केली आणि पूर्वेचं अंग दोन दिवसांत पार केलं. रवा बोटांत चोळून पाहिला, कच्चा होता तेव्हा थांबलो. टाचेला पट्टी पहिल्याच तासाला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी शेवटचा उतार संपला आणि झाडांतून पार्किंग दिसलं, तर अलीकडच्या मोकळ्या जागेत मेघना उभी होती आणि तिच्या शेजारी, स्की पायाशी टाकून, मावशी.

बूट घातलेले होते, पण त्यांची बकलं लागत नव्हती. मी विचारलं, "लावू?"

"लाव," त्या म्हणाल्या. पहिल्याच खेपेला.

मी गुडघ्यावर बसून चारी बकलं लावली. मग आम्ही चौघं निघालो, मेघना चालत, आम्ही स्कीवर. अंतर फर्लांगभरही नसेल. मावशींना पाव तास लागला. हात काठ्यांवर उडत होते, पण पाय तेच होते, एक पाऊल मोठं नाही की लहान नाही. मागच्या वर्षी जिथून निघालो होतो त्या पाटीपाशी पोचल्यावर त्यांनी पाटीला काठी टेकवली, वळून डोंगराकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावायला गेल्या. हात कपाळावर ठरेना. हँकने त्यांचं कोपर खालून धरलं.

मावशी यंदा जानेवारीत गेल्या. मंडळाच्या शोकसभेत सगळ्यांनी वडाभाताची गोष्ट सांगितली. प्रत्येकाला वाटत होतं ती फक्त आपल्याबाबतीत घडली आहे. मला सांगायचं होतं ते पार्किंगमधलं, ते इथे सांगतो.

आम्ही गाडीच्या मागच्या दारात बसलो होतो. मेघनाने सातूचे लाडू आणले होते, मावशींनी सांगून करून घेतलेले. डबा मावशींच्या मांडीवर होता. मी तीन खाल्ले.

"अजून एक?" मावशींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. खरोखरच पोट भरलं होतं.

त्यांनी झाकण उचललं, डब्यावर ठेवलं आणि दाबता दाबता थांबल्या. माझ्याकडे पाहिलं.

"नक्की?"

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मेघनाने मान वर केली.

"घेतो," मी म्हटलं. "भूक आहे अजून."

मावशींशी मी तीनदाच खोटं बोललो. त्यातलं हे तिसरं.